बंद करण्याआधी

दोन्या फोर्तुनाता, हा टर्बो परत घेऊन जा.
हो, मोठा आहे. हो, स्वस्तात मिळाला.
एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
बुलडोझरचं काळीजही स्वस्तातच मिळतं.
तुमच्या ट्रकला चार सिलिंडर, वय चौतीस.
या थोराड गोगलगायीला जाग यायला
जेवढी वाफ लागते तेवढी
त्याच्या छातीत नाही.
घाट चढून व्हाल, तेव्हा हा फिरू लागेल,
भांडी घासून पालथी घातल्यावर
दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा.

इथे ओरुरोत हवा म्हणजे
रुपयातले दहा आणे.
डिझेल मात्र पुरं सोळा आणे जातं,
आणि जळायचं राहिलेलं
मागच्याच्या काचेवर काजळ होऊन बसतं.
लोक तुम्हाला शिव्या घालतात.
खरं तर त्या हवेला पोचायला हव्यात.

हा बघा, लहान.
चायापाताजवळ उलटलेल्या मिनीबसचा.
अंगठ्याने दांडा हलवला :
आडवा हलतो किंचित; हलू दे,
ती तेलाची जागा आहे.
पुढेमागे हलला असता
तर केव्हाच भंगारात गेला असता.

पण आधी तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा.
बाकीचे तिघे सव्वीस दाखवतात, हा एकवीस.
जुन्या घरावर मजला चढवायचा
तर पाया ठोकून बघतात की नाही?
तुम्ही काही न बोलता गेलात.
मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक.
नवव्या दिवशी आलात,
निम्मे पैसे आणि किन्वाची दोन पोती घेऊन.
एका पोत्यात खडे होते. असो.

येसेनियाने नळी तीनदा कापली.
माझी भाची, सतरा वर्षांची, वेल्डिंग माझ्याहून नीट.
तेल वर चढवायला पंप आहे,
खाली यायला फक्त उतार.
वाटेत कुठे पोट सुटलं नळीला
की तेल तुंबलं, सील ओकली.
तिसऱ्यांदा नळी सरळ खाली पडली,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखी.
पंपाचा स्क्रू मी पाव फेरा दिला.
तुम्ही म्हणालात, अर्धा द्या.
मी पाना खिशात घातला.
हाव इथूनच आत शिरते, दोन्या,
आणि पिस्टन वितळवून बाहेर पडते.

मग आपण घाटाला लागलो.
जिथे नेहमी पहिला गिअर टाकून
देवाचं नाव घ्यावं लागतं, त्या वळणावर
तिसरा टिकला.
बॉनेटखाली बारीक शीळ,
कुणी दूरच्या खोलीत
दात घट्ट मिटून गुणगुणावं तशी.
आरशात धूर नव्हता. रस्ता होता.
तुम्ही आरशात दोनदा बघितलंत.

माथ्यावर हात किल्लीकडे गेला.
थांबा, मी ओरडलो, फिरवू नका.
आत दांडा लाल आहे अजून.
आत्ता बंद केलंत तर तेल जागच्या जागी करपेल.
दोन मिनिटं नुसतं चालू द्या.

वारा दारावर वाळू मारत होता.
काटा पाचशेवर. साडेचारशे.
तुम्ही समोर बघत म्हणालात,
सेरापियो उतारावर इंजिन बंद करायचा.
डिझेल वाचतं म्हणून.

साडेतीनशे.

कितीदा सांगितलं होतं.
ब्रेक जड होतात रे, म्हटलं होतं.

मी काट्याकडेच बघत राहिलो.
गॅरेजमध्ये मला सगळ्याचं उत्तर येतं.
तीनशे. अडीचशे.
बाहेर एक लामा रस्त्यात उभा राहून
आपल्याला चघळत होता.

दोनशे.
आता? तुम्ही विचारलंत.
आता, मी म्हणालो.

तुम्ही ऐकलंत.
किल्लीवरचा हात मात्र
तसाच ठेवलात,
आणि इंजिन चालू राहिलं.